रिंगणातील अश्व टिपताना

आषाढी वारीतील गोल रिंगणाचे छायाचित्रण करण्यासाठी प्रथमच जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. तास-दीड तास दाटीवाटीत उभे राहिल्यानंतर अश्व आपल्यासमोरून जातात ते दोन-तीन सेकंद, आणि तेवढ्या वेळात कॅमेऱ्यातील काहीही बदलायला सवड मिळत नाही. छायाचित्र बरे येणार की वाया जाणार, हे आपण कुठे उभे राहिलो आणि कॅमेऱ्याची कोणती मांडणी (सेटिंग) करून ठेवली यावरच बहुतांशी ठरून गेलेले असते.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे पहिले गोल रिंगण पुरंदवडे येथे होते आणि माझी सुरुवातही तिथेच झाली. सकाळी ऊन असताना लावलेली मांडणी मी तशीच ठेवली होती. दुपारी आभाळ भरून आले, कॅमेऱ्याने शटरस्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) आपोआप 1/250 सेकंदावर आणला आणि ते माझ्या लक्षातच आले नाही. घरी आल्यावर पाहिले तर अश्वाचे धड बऱ्यापैकी स्पष्ट होते, पण टापा, आयाळ आणि शेपटी पुसट झाली होती. भरधाव घोडा सेकंदाला सुमारे दहा मीटर अंतर कापतो, म्हणजे 1/250 सेकंदात तो चार सेंटीमीटर पुढे सरकतो, आणि पुढे फेकला जाणारा पाय तर धडापेक्षाही वेगाने जातो. तेव्हापासून मी शटरस्पीड स्वतः 1/1600 वर ठेवतो, ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) 4 ठेवतो आणि आयएसओ (प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोपवतो. आषाढातल्या काळवंडलेल्या उजेडात आयएसओ 2500च्या पुढेही जातो, पण थोडे दाणेदार छायाचित्र चालते, हललेले कशानेही सावरत नाही. अश्व पांढरा असेल तर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी ठेवावे, नाहीतर त्याच्या पाठीवरचा सगळा तपशील उडून जातो.

जागेविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. पालखी रिंगणाच्या मध्यभागी असते आणि चोपदार आखून देतात त्या मार्गावरून अश्व तिच्याभोवती धावतात. आपण कडेला असतो, त्यामुळे वळण घेऊन येणारा अश्व आधी जवळजवळ समोरून येतो आणि मग अंगाजवळून आडवा निघून जातो. समोरून येताना तो चौकटीत फारसा सरकत नाही, मात्र अंतर झपाट्याने कमी होते. म्हणून कंटिन्युअस फोकस (हलत्या विषयावर सतत जुळत राहणारा फोकस) लावून छातीवर नेम धरावा. आडवा जातानाच पॅनिंग करावे, म्हणजे अश्वाबरोबर कॅमेरा फिरवत छायाचित्र घ्यावे. त्यासाठी शटरस्पीड 1/40 पर्यंत उतरवावा, पाय जिथे बटण दाबायचे त्या दिशेला रोवावेत आणि केवळ कंबरेतून वळत अश्वाला आधीपासून गाठावे. बटण दाबल्यावरही वळणे थांबवू नये. एकाच फेरीत दोन्ही साधण्याचा मोह टाळावा. मार्गाच्या आत मात्र कधीही पाऊल टाकू नये. मागून कोणी ‘माउली, खाली बसा’ म्हणाले तर तत्काळ बसावे. बसल्यावर दिसणारा कोन बहुधा अधिक चांगलाच असतो, कारण मागची गर्दी खाली जाते आणि अश्व पताकांच्या पार्श्वभूमीवर येतो.

बर्स्ट, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग छायाचित्रे घेणे, लवकर सुरू करू नये. बफर (कॅमेऱ्यातील तात्पुरती साठवण) ऐन वेळी भरतो आणि कॅमेरा गप्प होतो, हे मी एकदा अनुभवले आहे. मायब्रिज या छायाचित्रकाराने 1878 मध्ये कॅलिफोर्नियात धावत्या घोडीची क्रमवार छायाचित्रे घेऊन दाखवले की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पाय ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. घरी निवड करताना मी नेमकी ती चौकट शोधतो. तिच्यात अश्व खरोखरच हवेत असतो.

माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही, कारण त्यावर स्वतः माउली आरूढ असतात अशी श्रद्धा आहे; तो भाव जाणूनच कॅमेरा उचलावा असे मला मनापासून वाटते. त्याच श्रद्धेने वारकरीही रिंगणात धावतात, आणि नवखे छायाचित्रकार नेमके त्याच वेळी कॅमेरा खाली ठेवतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन धावणारी बाई 1/30 वर पॅनिंग करून टिपून पाहावी. एक हात वृंदावनाला घट्ट धरलेला असल्याने तिचा चेहरा आणि तुळस स्थिर राहते, पदर आणि पावले मात्र पुसट होतात.

अश्व थांबले की लोक टापांखालची माती कपाळी लावायला धाव घेतात. तेव्हा माणसे हाताच्या अंतरावर असतात आणि लांबचे टिपणारी 200 मिमीची लेन्स निरुपयोगी ठरते. धुळीत किंवा पावसात लेन्स बदलू नये; जवळचे टिपणारी 35 मिमीची लेन्स लावलेला दुसरा, साधासा कॅमेरा आधीपासूनच गळ्यात असावा आणि त्याचा शटरस्पीड 1/500 वर ठेवलेला असावा.