टूल म्हणतं क्लाउडफ्लेअर, पण अडवतंय कोण? बॉट-प्रोटेक्शन ओळखताना या चुका टाळा

साइटवर बॉट-प्रोटेक्शन (आपोआप चालणारे प्रोग्राम अडवणारी यंत्रणा) कोणाचं आहे ते पाहायला टूल चालवलं, 'क्लाउडफ्लेअर' असं उत्तर आलं, तेवढंच एक्सेलमध्ये भरलं आणि रिपोर्ट पाठवून दिला. बहुतेक रिपोर्ट इथेच चुकतात. सर्व्हर हेडरमधलं (हेडर म्हणजे साइटच्या उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) ते नाव किंवा 'सीएफ-रे' हेडर एवढंच सांगतं, की ट्रॅफिक क्लाउडफ्लेअरच्या नेटवर्कमधून जातंय. तिथे बॉट अडवले जातात की नाही, हे त्यावरून कळत नाही. एखादी साइट क्लाउडफ्लेअर निव्वळ सीडीएन (पानं जवळच्या सर्व्हरवरून लवकर पोचवणारं जाळं) म्हणून वापरते आणि लॉगिनवर पहारा डेटाडोम या दुसऱ्याच बॉट-प्रोटेक्शनचा असतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये दोन रकाने वेगळे ठेवा: 'काय दिसलं' आणि 'कोणी अडवलं'. उत्तरात 'सीएफ-मिटिगेटेड' हेडर 'चॅलेंज' (समोर माणूस आहे का, याची चाचणी) या किमतीसह आलं, तर दुसऱ्या रकान्यात क्लाउडफ्लेअर लिहा.

वॅफवूफ वापरणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. हे टूल पहिली खूण जुळली की थांबतं. एकामागे एक दोन थर असतील तर दुसरा दिसतच नाही. 'फाइंडऑल' पर्याय लावून चालवा. शिवाय ते मुळात फायरवॉल ओळखण्यासाठी आहे, बॉट-प्रोटेक्शन ही वेगळी गोष्ट.

स्टेटस कोडवर डोळे झाकून विश्वास नको

उत्तराचा स्टेटस कोड ४०३ (प्रवेश नाकारला) म्हणजे बॉट म्हणून पकडलं, असं धरून चालू नका. देशावरून बंदी असली तरी ४०३ येतो. उलट २०० (सगळं ठीक) आला म्हणजे खरं पान मिळालं असंही नाही. नेहमी काही लाख बाइटांचं येणारं पान एकदम पाच-सहा हजारांवर आलं, तर ते बहुधा चॅलेंजचं पान असतं. शीर्षक आणि आकार दोन्ही नोंदवा.

एडब्ल्यूएस वॅफ, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं वेब फायरवॉल, तर भल्याभल्यांना चकवतं. त्याचं चॅलेंज २०२ कोडसह येतं, म्हणून दोनशेच्या घरातलं सगळं 'यशस्वी' धरणारी स्क्रिप्ट ते बिनदिक्कत पास करते. कॅप्चा ४०५ (ही मेथड चालत नाही) या कोडसह येतो आणि मग मंडळी मेथड चुकली समजून गेट-पोस्ट बदलत बसतात. दोन्ही वेळा 'एक्स-एएमझेडएन-वॅफ-अ‍ॅक्शन' हेडर पाहिलं की उलगडा होतो. तसंच, पहिल्याच विनंतीला ४२९ (फार जास्त विनंत्या) आला तर स्क्रिप्टमध्ये थांबे वाढवण्याआधी 'एक्स-केपीएसडीके'ने सुरू होणारी हेडर शोधा. ती कसाडा या बॉट-प्रोटेक्शनची खूण. वेग कमी करून तिथे काही फरक पडत नाही.

कुकी हरवतात कुठे?

बॉट-प्रोटेक्शन ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी नोंद ठेवतं आणि तिच्या नावावरून ते ओळखता येतं. ती हरवते बऱ्याचदा रीडायरेक्टमध्ये, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवलं जाताना. बिगर-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू पत्त्यावरून ३०१ मिळतो, तिथेच कुकी लागते आणि स्क्रिप्ट फक्त शेवटचं उत्तर तपासते. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत 'हिस्टरी'तली प्रत्येक पायरी तपासा. दुसरं, ही लायब्ररी अनेक 'सेट-कुकी' हेडर स्वल्पविराम देऊन एकत्र जोडते. त्या स्वल्पविरामावर तुकडे केलेत, तर 'एक्स्पायर्स'च्या तारखेतल्या स्वल्पविरामावरही सुरी फिरते आणि भलतीच नावं हाती येतात. लायब्ररी कुकी सुट्या करून ठेवते त्या कुकीजारमधूनच नावं घ्या.

इम्पर्व्हा या सुरक्षा कंपनीची 'रीझ८४'सारखी कुकी तर जावास्क्रिप्ट चालल्यावरच येते. कर्ल या कमांड-लाइन टूलला ती कधीच दिसणार नाही, कारण ते जावास्क्रिप्ट चालवत नाही. अशा साइट प्लेराइटने (स्क्रिप्टमधून ब्राउझर चालवणारं टूल) उघडा, पान लोड झाल्यावर काही सेकंद थांबा आणि मग कुकी वाचा. नुसत्या मजकुरात 'डेटाडोम' हा शब्द शोधणं मात्र टाळा. सीएसपी हेडरच्या (पान कुठून स्क्रिप्ट घेऊ शकतं ते सांगणाऱ्या) यादीत किंवा एखाद्या लेखातही तो सापडतो. खूण धरायची ती कुकीच्या नेमक्या नावाची किंवा 'एक्स-डेटाडोम' हेडरची.

फक्त मुखपृष्ठ तपासणं हीदेखील चूकच. पहारा लॉगिन, सर्च आणि पेमेंटच्या पानांवर कडक असतो. तिन्ही ठिकाणं पाहिल्याशिवाय 'प्रोटेक्शन नाही' लिहू नका.

हिंजवडीत वेगळं, कोथरूडला वेगळं

ऑफिसात ब्लॉक आणि घरी सुरळीत, ही तक्रार पुण्याच्या टीममध्ये रोजची. कंपनीच्या व्हीपीएनचं ट्रॅफिक कुठून बाहेर पडतंय ते आधी बघा. 'सीएफ-रे'च्या शेवटची तीन अक्षरं विमानतळाचा कोड असतात. पुण्यातून साधारणपणे मुंबईचा बीओएम अपेक्षित असतो. एसआयएन दिसला तर विनंती सिंगापूरमार्गे गेली. ऑफिसचा प्रॉक्सी टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) उघडून तपासत असेल, तर साइटपर्यंत ब्राउझरचा नव्हे, प्रॉक्सीचा टीएलएस ठसा (जोडणी सुरू करण्याच्या पद्धतीवरून पटणारी ओळख) पोचतो. मोबाइल डेटावरही घोळ आहेच, कारण एकाच आयपीमागे असंख्य ग्राहक असतात.

निदानासाठी एकाच नेटवर्कवरून तीन वेळा जा: साधा कर्ल, ब्राउझरचीच हेडर लावलेला कर्ल आणि हाताने उघडलेला खरा ब्राउझर. तिघंही अडले तर संशय आयपीवर किंवा देशबंदीवर. फक्त पहिला अडला तर यूजर-एजंट (ब्राउझरचं नाव सांगणारं हेडर) किंवा इतर हेडर. पहिले दोन अडले आणि ब्राउझर गेला, तर टीएलएस ठसा किंवा जावास्क्रिप्टची तपासणी. चॅलेंजचं पान आलं असेल तर बहुधा जावास्क्रिप्टची तपासणी. दोन फेऱ्यांमध्ये कुकी पुसायला विसरू नका, नाहीतर आधीची सूट पुढच्या फेरीत लागू होते.

साइट दुसऱ्याची असेल तर लेखी परवानगी आधी. साध्या विनंतीतून उत्तर मिळालं नाही, की वॅफवूफ हल्ल्यासारख्या दिसणाऱ्या विनंत्या पाठवतं आणि त्या समोरच्याच्या लॉगमध्ये तुमच्या आयपीसकट नोंदल्या जातात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय केलेल्या प्रवेशाबद्दल आहे. 'मी फक्त बघत होतो' हे स्पष्टीकरण क्लायंटच्या सिक्युरिटी टीमला पटवणं जड जातं.

प्रत्येक नोंदीसोबत तारीख, बाहेर पडणारा आयपी, सगळी कच्ची हेडर आणि पानाचं एचटीएमएल जपून ठेवा. नावं बदलतात: परिमीटरएक्स ही बॉट-प्रोटेक्शन कंपनी २०२२ मध्ये ह्यूमन या कंपनीत विलीन झाली, कुकी मात्र अजून 'पीएक्स'च्याच नावाने येतात. जुनी सिग्नेचर (ओळखीच्या खुणांची) यादी आणि नवी यादी एकत्र केली, की एकच प्रॉडक्ट रिपोर्टमध्ये दोनदा मोजलं जातं.