काकांचा रेडिओ आणि माझा १३.८ व्होल्टचा सप्लाय

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली दोन-तीन मुलं हल्ली सारखी विचारतात, दादा हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेस सेटसाठी, घरच्या लाईटवरून १३.८ व्होल्ट डीसी देणारा सप्लाय घरी बनवायचाय, सर्किट द्या. सर्किट मी देतो, ते काय कुठेही मिळतं, पण सर्किटबरोबर जे द्यायला पाहिजे ते तोंडी सांगता सांगता घसा कोरडा पडतो म्हणून एकदाच लिहून काढतोय. यात माझी एक फजिती आहे, ती आधी सांगतो.

मी डिप्लोमाला होतो तेव्हा आमच्या वर्गातली निम्मी मुलं प्रोजेक्ट रेडीमेड विकत घ्यायची. मी मात्र फुशारकीने स्वतःचा सप्लाय बनवला, १३.८ व्होल्ट, २० अँपियर, लिनियर, म्हणजे जादाचं व्होल्टेज उष्णता करून जाळणारा. १८ व्होल्टचा मोठा ट्रान्सफॉर्मर जुन्या बाजारातून एका रविवारी उचललेला, बाकीचं सामान तापकीर गल्लीत दोन-तीन चकरा मारून. व्होल्टेज सांभाळणारा एलएम ७२३ रेग्युलेटर आयसी, पुढे ड्रायव्हर आणि सगळा करंट वाहणारे चार पास ट्रान्झिस्टर २एन३०५५, म्हणजे आपले जुने लोखंडी टोपीवाले थर्टी-फिफ्टीफाइव्ह. प्रोजेक्टला मार्क चांगले पडले. तेवढ्यात मोर्स कोडची मिनिटाला ८ शब्दांची परीक्षा देऊन हॅमचं जनरल ग्रेडचं लायसन्सही हातात आलं, पण रेडिओ घ्यायला पैसे कुठले, तर ज्या काकांनी मला मोर्स शिकवलं त्यांनीच आपला १०० वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्हचा) सेट वापरायला दिला, म्हणाले परीक्षा संपली ना, कर मजा.

धायरीत आमची गच्चीवर पत्र्याची खोली होती. मे महिना, दुपारचे तीन, आत ४० डिग्री सहज. आधीचे आठ दिवस मी नुसता एसएसबीवर, म्हणजे आवाजाच्या मोडवर, बोलत होतो, काही झालं नाही, त्यामुळे सप्लायवर भलता विश्वास बसलेला, आणि त्या दिवशी एफटी८ लावलं, म्हणजे कॉम्प्युटरवरून संदेश पाठवणारा डिजिटल मोड. पाऊण तास झाला असेल, सेट ट्रान्समिटला गेला, सप्लायमधून बारीक टक् आवाज आला, व्होल्टमीटरचा काटा सरळ उजवीकडे गेला आणि रेडिओचा डिस्प्ले विझला. मग तो वास, जो एकदा घेतला की माणूस आयुष्यभर ओळखतो.

सेटमध्ये २० व्होल्टच्या वर गेले होते. १०० वॅटचे बहुतेक सेट १३.८ व्होल्टला अधिक-उणे १५ टक्के मागतात, म्हणजे वरची मर्यादा १५.९ च्या आसपास.

काकांना फोन केला तेव्हा माझा आवाज निघत नव्हता. ते एवढंच म्हणाले, "रेडिओ राहू दे तिथंच, तो सप्लाय घेऊन ये आधी."

त्यांच्या डायनिंग टेबलावर पेपर पसरून आम्ही तो उघडला. एक ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर पूर्ण शॉर्ट, म्हणजे आतलं सगळं व्होल्टेज सरळ बाहेर. दुसऱ्याच्या एमिटर रेझिस्टरचा सांधा ड्राय सोल्डर, म्हणजे डाग नीट न धरलेला, काकांनी नखाने हलवला तर सुटून हातात आला. म्हणजे करंट चार जणांत वाटला जाणार असं मी समजत होतो आणि ओढत होते तिघंच. आणि ट्रान्झिस्टर व हीटसिंक यांच्यामधल्या मायका वॉशरखाली उष्णता पुढे नेणारं हीटसिंक कंपाउंड नव्हतं, कारण ट्यूब संपली होती आणि मी म्हटलं चालतंय. हे "चालतंय" म्हणणं सगळ्यात महाग पडतं.

मग काकांनी पेपरच्या कोपऱ्यावर हिशोब मांडला, तो इथे देतो कारण नवीन माणसाने सर्किटच्या आधी हा शिकावा. फिल्टर कपॅसिटरवर लोडला सरासरी २० व्होल्ट, बाहेर १३.८, मधले ६.२ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर पडणार, गुणिले २० अँपियर, म्हणजे १२४ वॅट नुसती उष्णता. एसएसबीत आपण बोलतो, थांबतो, श्वास घेतो, सरासरी फारच कमी पडते, म्हणून माझा सप्लाय आठ दिवस जगला. एफटी८ मध्ये तसं नाही, १५ सेकंदांच्या पाळीत जवळपास १२.६ सेकंद सेट पूर्ण कॅरियर फेकतो, मग एक पाळी ऐकतो, मग परत. सरासरी ६० वॅट धरा. माझा हीटसिंक साधारण वॅटला एक डिग्री तापणारा, खोली ४० ची, म्हणजे हीटसिंकच १०० डिग्रीला. आता १२४ भागिले तीन ट्रान्झिस्टर, एकेकाला ४१ वॅट. ३०५५ च्या आतल्या चकतीपासून बाहेरच्या धातूच्या केसपर्यंत वॅटमागे दीड डिग्री, त्यात कोरडा मायका अजून एक-सव्वा डिग्री घालतो, म्हणजे ट्रान्समिट करताना आणखी ११० डिग्री. बेरीज २१०. या ट्रान्झिस्टरची मर्यादा २०० आहे. कंपाउंड लावलेलं असतं आणि चौघं ओढत असते तर १६०-१६५ च्या आसपास राहिलं असतं, आरामात नाही पण जिवंत.

डेटाशीटवर ११५ वॅट लिहिलंय ना, असं मीही विचारलं होतं. ते केस २५ डिग्रीला धरून ठेवली तर. पुण्यात मे महिन्यात, पत्र्याखाली, कोण धरून ठेवणार.

पण खरी चूक उष्णतेची नव्हती, ती मला त्याच टेबलावर कळली. ट्रान्झिस्टर कधी ना कधी मरणारच. माझ्या सर्किटमध्ये तो मेल्यावर रेडिओला वाचवणारं काहीच नव्हतं. सप्लायमधला प्रत्येक पार्ट बोटाने दाखवून काका एकच प्रश्न विचारत होते, "हा मेला तर आउटपुट वर जाईल का खाली?" आणि मी प्रत्येक वेळी डोकं खाजवत होतो. तेव्हापासून माझ्यासाठी भरवशाचा सप्लाय म्हणजे जो बिघडतो पण बिघडताना खाली जातो.

उदाहरणार्थ व्होल्टेज सेट करायचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर. ७२३ च्या आतला रेफरन्स ७.१५ व्होल्टचा असतो, आउटपुटवरून दोन रेझिस्टरचा डिव्हायडर घेऊन त्याच्याशी ताडून बघायला आपण आउटपुटचा ठराविक हिस्सा आयसीला परत देतो (फीडबॅक), आणि बरेच जण मध्ये प्रीसेट लावून त्याची मधली पिन सरळ आयसीला जोडतात. प्रीसेट जुना झाला, धूळ बसली, पावसाळ्यात गंज धरला, मधल्या पिनचा स्पर्श सुटला की आयसीला वाटतं आउटपुट शून्य आहे आणि तो जीव तोडून वर ढकलतो. त्याऐवजी प्रीसेट डिव्हायडरच्या खालच्या हातात घ्या आणि मधली पिन एका टोकाच्या पिनला जोडून टाका. आता स्पर्श सुटला तर खालचा रेझिस्टन्स वाढतो आणि व्होल्टेज कमी होतं. खर्च शून्य. तसंच आउटपुट टर्मिनलपासून सेन्सची, म्हणजे व्होल्टेज मोजून फीडबॅकला देणारी, वेगळी वायर आणत असाल तर आतल्या आत सेन्स आणि आउटपुटमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर ठेवा, वायर तुटली तरी फीडबॅक पूर्ण जात नाही.

आणि क्रोबार, म्हणजे व्होल्टेज वाढलं की आउटपुट शॉर्ट करणारं संरक्षण. आउटपुटवर एक दणकट एससीआर (गेटला इशारा मिळाला की चालू होणारा स्विच), त्याच्या गेटला झेनर (ठराविक व्होल्टेजच्या वर वाहू लागणारा डायोड), व्होल्टेज वर गेलं की एससीआर आउटपुट शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज मात्र फिल्टर कपॅसिटर आणि पास ट्रान्झिस्टर यांच्या मध्ये हवा, नाहीतर कपॅसिटरमधला सगळा साठा एससीआरमधून जातो आणि एससीआरच उडतो. झेनर १५ व्होल्टचा लिहिलेला असतो पण ५ टक्के इकडेतिकडे म्हणजे १४.२५ ते १५.७५ काहीही निघू शकतो, वर गेटचे ०.७, म्हणजे मर्यादेच्या पलीकडेही जाऊ शकतो. मी दहा झेनर आणले, एकेक मोजला, १४.५ चा निघाला तो लावला, क्रोबार १५.२ ला बसला. गेट ते कॅथोड १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नक्की लावा, नाहीतर ट्रान्समिट केलं की आरएफ, म्हणजे सेटच्या रेडिओ लहरी, गेटवर घुसतं आणि क्रोबार उगाचच फ्यूज खातो. आरएफचा त्रास ७२३ लाही होतो. पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबल्यावर व्होल्टमीटर नाचायला लागला तर आयसी बदलत बसू नका, आधी आउटपुट टर्मिनलपासून बॉडीला ०.०१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक डिस्क कपॅसिटर लावा आणि वायरीचे फेराइटच्या कड्यावर दोन वेढे द्या.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) ३५ अँपियरचा घेतला म्हणून निश्चिंत होऊ नका, एका वेळी दोन डायोड चालू, दोन व्होल्ट पडतात, २० अँपियरला ४० वॅट, तोही हीटसिंकवरच पाहिजे. कपॅसिटर १०५ डिग्रीवाला घ्या आणि ब्रिजपासून लांब ठेवा, दर १० डिग्री थंडाव्याला त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. ४७,००० मायक्रोफॅरडला २० अँपियरवर साडेतीन व्होल्टच्या आसपास रिपल (व्होल्टेजची खालीवर लाट) येतो, संध्याकाळी लाईट २०० व्होल्टवर आली की रिपलची खालची दरी रेग्युलेटरला पुरत नाही आणि समोरचा म्हणतो तुझ्या आवाजात घुंई येतेय. बंद केल्यावर साठा रिकामा करायला कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर हवाच, आणि काम करताना बोटातली अंगठी काढा, १२ व्होल्टने शॉक बसत नाही पण अंगठीतून २०० अँपियर गेले तर बोट भाजतं.

बनाना सॉकेटमधून २० अँपियर घेऊ नका, ०.०५ ओहमचा ढिला सांधा म्हणजे एक व्होल्ट गायब आणि २० वॅट तिथेच जळतात. लग नीट क्रिंप करून बोल्टला आवळा. आणि नकली ३०५५ बाजारात असतात. मला एका दुकानातून चार मिळाले होते, छपाई झकास, वजन हलकं, एक कापून पाहिला तर आत मुगाच्या डाळीएवढी चकती. दोन पैसे जास्त द्या, माहितीतल्या माणसाकडून घ्या.

एसएमपीएस, म्हणजे हलका स्विचिंग सप्लाय, का नाही, हे विचारणारच. घ्या ना. मी पण प्रवासात तोच नेतो. पण एलईडी दिव्यांसाठीचा स्वस्त एसएमपीएस १३.८ ला ओढून लावला की ४० मीटरच्या हॅम बँडवर तो स्वतःच एक स्टेशन होऊन बसतो, आणि मुख्य म्हणजे त्यातून शिकायला काही मिळत नाही.

टेस्टिंग. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून करा, बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर बंद करून चूक शोधा. मग लोड. नाना पेठेतून गाडीच्या हेडलाइटचे ५५/६० वॅटचे चार बल्ब आणले, पत्र्याच्या पट्टीवर पॅरलल लावले, एकेकाला साडेचार-पाच अँपियर, असा वीसचा लोड तयार. बल्ब थंड असताना कितीतरी जास्त ओढतात म्हणून एकेक करून जोडा. दोन तास सलग, दर दहा मिनिटांनी व्होल्टेज आणि हीटसिंकचं तापमान वहीत. आई वर आली तेव्हा खोली लख्ख उजळलेली, म्हणाली काय रे, वर गाडी चढवलीस का.

ती वही जपून ठेवा, मला ती नोकरीला उपयोगी पडली. भोसरीत एका चार्जर बनवणाऱ्या छोट्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो तर साहेबांनी मार्कशीट बाजूला ठेवली, कागदावर डिव्हायडर काढला आणि विचारलं हा वरचा रेझिस्टर ओपन झाला तर काय होईल. मी म्हटलं आउटपुट वर जाईल, आणि सर, तसं एकदा झालंय. मग वही दाखवली, जळालेल्या ट्रान्झिस्टरच्या हिशोबासकट. टेस्टिंगला घेतलं. इंटरव्ह्यूत आपण काय बनवलं हे सगळेच सांगतात, आपलं काय जळलं आणि का, हे सांगणारा पोरगा त्यांना क्वचित भेटतो असं मला तिथे चार वर्षं काढल्यावर कळलं.

काकांचा रेडिओ दुरुस्त व्हायला माझे तीन महिन्यांचे ट्यूशनचे पैसे गेले. सप्लाय नवा करून मी परत त्यांच्याकडे नेला. म्हटलं काका, क्रोबार लावलाय. ते म्हणाले दाखव. आउटपुटला फक्त एक हेडलाइटचा बल्ब जोडला, चष्मा घातला, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी जाड वायरच्या तुकड्याने एका पास ट्रान्झिस्टरचा कलेक्टर-एमिटर शॉर्ट केला. हात थरथरत होता. बल्ब एकदा डोळा मारून विझला, आतून फट् असा फ्यूजचा आवाज आला, बस. काकांनी टेबलाच्या खणातून दुसरा फ्यूज काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "परत."

दुसऱ्यांदाही विझला. मग ते आत जाऊन रेडिओ घेऊन आले, म्हणाले पंधरा दिवस ने, आणि वायरचा तो तुकडा मात्र इथेच ठेव.