केल्टिक गाठीत पट्टी वर-खाली दाखवायची सोपी युक्ती

परभणीत आमच्याकडे लग्नपत्रिका, सन्मानपत्रांना केल्टिक गाठीची, म्हणजे एकमेकींत वर-खाली गुंफलेल्या पट्ट्यांच्या नक्षीची, किनार मागणारे आता येतात. दोन पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथला प्रत्येक तुकडा खोडरबरने कापत बसलं की डोळे दुखतात आणि कडा खडबडीत होतात. त्यापेक्षा मास्क वापरा. मास्क म्हणजे चित्रावरचा पडदा: त्यावर काळं रंगवलं की चित्राचा तेवढा भाग लपतो, पांढरं रंगवलं की परत दिसतो. फोटोशॉप आणि मोफत मिळणारं गिंप, दोन्हींत जमतं.

१. दोन नागमोडी पट्ट्या दोन वेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर) काढा. आधी २६ पिक्सेलची काळी रेघ, तिच्यावरच १८ पिक्सेलची सोनेरी. दोन्ही बाजूंना ४ पिक्सेलची सुबक काळी कड राहते.

२. वरच्या लेयरला पांढरा मास्क जोडा.

३. आता खालच्या पट्टीचं सिलेक्शन घ्या, म्हणजे फक्त तेवढाच आकार निवडा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल दाबून त्या लेयरच्या छोट्या चित्रावर क्लिक, गिंपमध्ये 'अल्फा टू सिलेक्शन'.

४. वरच्या लेयरच्या मास्कवर जाऊन कडक कडेच्या काळ्या ब्रशने एक सोडून एक छेद रंगवा. ब्रश कितीही हलला तरी सिलेक्शनबाहेर जात नाही, त्यामुळे कड सुरीने कापल्यासारखी येते. चुकलं तर तिथेच पांढरा ब्रश फिरवा. मूळ पट्टी शाबूत असते.

एक सोडून एक हा क्रम मात्र मोडू नका, गाठीचा सगळा जीव त्यातच आहे. पैठणीच्या काठाचे जांभळा-सोनेरी रंग या वेणीवर फार खुलतात.

रंगवण्याआधी मास्कच्याच चौकोनावर क्लिक आहे ना, हे बघा. नाहीतर काळा रंग थेट पट्टीवर बसतो.