केबल-डिश बंद करण्याआधीची कामं आणि नंतरची

जुनं कनेक्शन तोडणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं पाऊल आहे. ते आधी केलं की टीव्ही बंद पडतो, घरातली मंडळी वैतागतात आणि मग घाईघाईत दिसेल ते सबस्क्रिप्शन घेतलं जातं. चार ॲप, खेळांचा एक पॅक आणि वर वाढवलेला इंटरनेट प्लॅन अशी बेरीज केली की बिल होतं तिथेच राहतं. म्हणून आधी यादी करा, मग इंटरनेट तपासा, त्यानंतर उपकरण आणि सबस्क्रिप्शन घ्या. हे सगळं महिनाभर नीट चाललं की मगच केबलवाल्याला फोन करा.

घरात खरंच काय पाहिलं जातं?

टीव्हीशेजारी एक कागद चिकटवा आणि दोन आठवडे त्यावर कार्यक्रमाचं नाव, वाहिनी आणि कोणी पाहिलं एवढं लिहीत जा. पॅकमध्ये शेकड्याने वाहिन्या असल्या तरी कागदावर सहसा मोजक्याच उतरतात. तुम्हाला पर्याय शोधायचा आहे तो या मोजक्या वाहिन्यांना, अख्ख्या पॅकला नाही.

आता यादीचे तीन भाग करा. पहिल्या भागात थेटच पाहायला हवं ते, म्हणजे सामने आणि महत्त्वाच्या घडामोडी. दुसऱ्यात उशिरा पाहिलं तरी चालेल ते, म्हणजे मालिका, चित्रपट, मुलांचे कार्यक्रम. तिसऱ्यात नुसताच मागे चालू असलेला टीव्ही. तिसऱ्या भागावर एक पैसाही घालवू नका. अनेक वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि मोफत दिसतात, आणि जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत वाहिन्यांची ॲपही असतात. दुसऱ्या भागातलं बरंच काही वाहिनीच्या स्वतःच्या ॲपवर जाहिरातींसह फुकट मिळू शकतं. मालिकेचा ताजा भाग त्याच रात्री हवा की दुसऱ्या दिवशी चालेल, हे घरात एकदा विचारून घ्या. त्या एका उत्तरावर अख्खं सबस्क्रिप्शन वाचू शकतं.

खरा खर्च पहिल्या भागाचा, त्यातही खेळांचा. प्रक्षेपणाचे हक्क दर काही वर्षांनी हात बदलतात आणि एकाच खेळाच्या दोन स्पर्धा दोन वेगळ्या ॲपवर असू शकतात. ‘अमुक ॲपवर सगळं क्रिकेट आहे’ अशा ऐकीव माहितीवर पैसे भरू नका. तुम्ही पाहता ती स्पर्धा या हंगामात कुठे दाखवणार आहेत ते आयोजकांच्या संकेतस्थळावर पाहा आणि तेवढ्याच महिन्यांपुरते पैसे भरा. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण केबलच्या साधारण अर्धा मिनिट मागे असतं, कधी जास्तही. शेजारी केबल असेल तर जल्लोष आधी तिकडून ऐकू येईल. निदान फोनवरच्या स्कोअरच्या सूचना सामन्यापुरत्या बंद ठेवा.

फुकटचं आकाश सोडू नका

स्ट्रीमिंगच्या नादात अँटेनाचा विसर पडतो. तुमच्या भागात डिजिटल भूप्रक्षेपण (जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं प्रक्षेपण) असेल तर टीव्हीतल्या ट्यूनरला अँटेना जोडून आपोआप शोध लावला की त्या वाहिन्या कायमच्या मोफत मिळतात. घेण्याआधी दोन गोष्टी पाहा: टीव्हीचा ट्यूनर तुमच्या देशातलं मानक ओळखतो का, आणि प्रक्षेपण मनोरा कोणत्या दिशेला आहे. अँटेना खिडकीत किंवा गच्चीवर, मनोऱ्याच्या दिशेने लावा आणि जागा बदलली की शोध पुन्हा लावा. डिजिटल सिग्नलमध्ये जुन्यासारखी मुंग्यांची अंधूक मधली अवस्था नसते. चित्र एकतर स्वच्छ येतं, नाहीतर चौकोनांत फुटून गोठतं. चौकोन दिसले तर अँटेना हातभर सरकवूनही फरक पडू शकतो.

गच्चीवरची जुनी डिशही लगेच भंगारात देऊ नका, मात्र ती तुमच्या मालकीची आहे ना ते पाहा. तुमच्याकडे उपग्रहावरच्या मोफत वाहिन्या असतील तर तीच डिश आणि तोच एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) बहुतेक वेळा उपयोगी पडतो. फक्त रिसीव्हर मोफत वाहिन्यांचा घ्यावा लागतो आणि डिशची दिशा बदलावी लागू शकते. इंटरनेट बंद पडलं त्या दिवशी या वाहिन्या घराला तारतात.

इंटरनेट: किती लागतं आणि कुठे मोजायचं?

आकडे सोपे आहेत. १०८०पी म्हणजे फुल एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) वेग लागतो आणि त्याहून बारकाईच्या ४के चित्राला १५ ते २५. दोन टीव्हींवर एचडी आणि वर चार फोन धरले तरी ३० एमबीपीएस स्थिर मिळत असतील तर पुरे. प्लॅन त्याच्या दसपट वेगाचा घेतल्याने चित्र आणखी स्वच्छ होत नाही. पैसे मात्र दर महिन्याला जातात.

वेगाइतकंच डेटाचं गणित महत्त्वाचं. ५ एमबीपीएसने तासाला सव्वादोन जीबी लागतात. रोज तीन तास पाहिलं तर महिन्याला साधारण २०० जीबी एका टीव्हीचे. ४के १५ एमबीपीएसने पाहिलं तर तासाला पावणेसात जीबी, म्हणजे महिन्याला ६०० च्या पुढे. प्लॅनच्या बारीक अक्षरांत ठरावीक वापरानंतर वेग कमी होईल असं लिहिलेलं असतं. तो आकडा या हिशेबाशी ताडून पाहा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच बफरिंग होत असेल तर पहिला संशय याच अटीवर घ्या.

मोजणी राउटरशेजारी फोन धरून करू नका. टीव्हीवरच्या ब्राउझरमध्ये किंवा वेग मोजणाऱ्या ॲपवर, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, निदान तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. दुपारी उत्तम चालणारी लाइन रात्री सगळा परिसर टीव्हीसमोर बसला की कोलमडू शकते.

रात्रीसुद्धा राउटरजवळ वेग चांगला आणि टीव्हीपाशी कमी असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे, प्लॅन वाढवून काहीही होणार नाही. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झच्या जाळ्यावर टाका. मध्ये दोन भिंती असतील तर तो सिग्नल बरेचदा नीट पोहोचत नाही आणि २.४ वर यावं लागतं. तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी सर्वांत मोकळा निवडा. राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात कोंबू नका. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. कॅट ५ई ची साधी केबल १०० मीटरपर्यंत चालते. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण स्ट्रीमिंगला तेवढं पुष्कळ झालं.

स्टिक की टीव्हीतलीच ॲप?

टीव्ही स्मार्ट असेल तर आधी त्याच्यावरच महिनाभर चालवून पाहा. काही वर्षांनी जुन्या टीव्हीला नवी ॲप मिळणं बंद होतं, मेमरी कमी पडून मेनू अडखळायला लागतो. तेव्हा टीव्ही बदलण्याऐवजी एचडीएमआय स्टिक, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लागणारं ॲप चालवणारं छोटं उपकरण, लावा. एचडीएमआय नसलेल्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचा कन्व्हर्टर लागतो. घेताना तो ‘एचडीएमआयमधून एव्ही’ असा आहे ना ते पाहा. उलट दिशेचाही तसाच दिसतो आणि तो इथे चालत नाही.

स्टिकच्या बहुतेक तक्रारींचं मूळ वीजपुरवठ्यात सापडतं. वायर सुटसुटीत राहावी म्हणून स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टला जोडली जाते. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने ५०० मिलिॲम्पियर देतं, आणि बऱ्याच स्टिकना ५ व्होल्टला १ ॲम्पियर किंवा त्याहून जास्त लागतो. मग ॲप उघडताना स्टिक पुन्हा सुरू होते, वायफाय सुटतं, अपडेट अर्धवट राहतं. शिवाय अनेक टीव्ही बंद करताच त्या पोर्टची वीजही जाते आणि दर वेळी स्टिक नव्याने सुरू व्हायची वाट पाहावी लागते. सोबत आलेला ॲडॅप्टर भिंतीच्या सॉकेटलाच लावा. तसंच, एचडीएमआयचा छोटा एक्स्टेंडर लावून स्टिक टीव्हीच्या पाठीपासून थोडी बाहेर काढा. पाठीला चिकटून ती तापत राहते आणि पॅनेल वायफाय अडवतं.

घेण्याआधी उपकरण अधिकृत आहे का हे नक्की पाहा. अँड्रॉइडच्या उपकरणावर वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी यंत्रणा) एल१ प्रमाणपत्र नसेल, नुसतं एल३ असेल, तर मोठी ॲप त्याला एचडी देत नाहीत. पैसे एचडीचे जातात आणि चित्र ४८०पीच्या आसपास धूसर राहतं. ४के हवं असेल तर टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट आणि मध्ये असलेला साउंडबार, दोन्ही एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणारं मानक) चालवणारे हवेत. सगळीच पोर्ट तशी असतात असं नाही, आणि काही टीव्हींत त्या पोर्टचा पूर्ण क्षमतेचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन हाताने चालू करावा लागतो.

सामन्यात कॅमेरा फिरला की मैदान झटके देत सरकतं, खालची स्कोअरची पट्टी अडखळते, इंटरनेट मात्र ठणठणीत असतं. असं झालं तर स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा. प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेमचं (म्हणजे ५० चित्रांचं) आणि स्टिक ६० हर्ट्‌झवर असेल तर हेच होतं. मूळ फ्रेम रेटशी जुळवण्याचा पर्याय असेल तर चालू करा, नसेल तर सामन्यापुरतं ५० हर्ट्‌झ निवडा.

‘एकदाच पैसे भरा, आयुष्यभर सगळ्या वाहिन्या’ म्हणून विकले जाणारे बॉक्स घरात आणूच नका. त्यावरचं प्रक्षेपण चोरीचं असतं आणि ऐन सामन्यात बंद पडतं. त्याहून गंभीर म्हणजे, टी९५ नावाने विकल्या गेलेल्या स्वस्त बॉक्समध्ये मुळातच घातकी सॉफ्टवेअर भरलेलं असल्याचं २०२३ साली उघड झालं. असा बॉक्स तुमच्या वायफायवर, तुमच्या बँकेच्या ॲपशेजारी बसलेला असतो.

सबस्क्रिप्शन आळीपाळीने

एका वेळी एक, फार तर दोन. एका ॲपवरचं पाहायचं ते महिन्याभरात पाहा, बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरं घ्या. पैसे भरले त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करा. बहुतेक सेवा भरलेली मुदत संपेपर्यंत चालू राहतात, पण काहींची मोफत चाचणी रद्द करताच थांबते, तेवढी अट वाचून घ्या. वार्षिक प्लॅन फक्त त्या सेवेचा घ्या जी तुमच्या कागदावर दोन्ही आठवडे होती आणि वर्षभर लागणार आहे.

स्वस्त प्लॅनमध्ये काय कापलं आहे ते नीट पाहा: जाहिराती, चित्राचा दर्जा, एका वेळी चालणाऱ्या स्क्रीनची संख्या. काही प्लॅन तर फक्त मोबाइलवर चालतात आणि टीव्हीवर उघडतच नाहीत. ३२ इंची टीव्ही लांबून पाहत असाल तर ४केचे जादा पैसे वाया जातात. दोन घरांत एक खातं वाटून घेण्यावर विसंबू नका. नेटफ्लिक्सने २०२३ पासून ते अनेक देशांत अडवलं आहे आणि इतरही त्याच वाटेने गेले आहेत.

घरातल्या ज्येष्ठांसाठी

क्रमांक दाबून वाहिनी लावण्याची सवय असलेल्या माणसाला ॲपचा मेनू म्हणजे रोजची परीक्षा वाटते. ती कमी करणं हे तुमचं काम आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना चालवू शकतात ती सोय) चालू करा, म्हणजे स्टिकच्याच रिमोटने टीव्ही चालू-बंद होतो आणि दुसरा रिमोट कपाटात ठेवता येतो. होम स्क्रीनवर पहिल्या तीन जागी त्यांचीच ॲप ठेवा, बाकी काढून टाका. त्याने कमी मेमरीची स्टिकही हलकी होते. त्यांचं वेगळं प्रोफाइल करा, मोठ्या अक्षरांचा पर्याय असेल तर लावा. रिमोटवरून खरेदी होऊ नये म्हणून पिन घाला. मग त्यांच्या हाती रिमोट देऊन शेजारी बसा आणि बटणं त्यांनाच दाबू द्या. भूप्रक्षेपणाची अँटेना असेल तर त्यांच्यासाठी तीच उत्तम, तिथे क्रमांकाची बटणं पूर्वीसारखीच चालतात.

आता जुनं कनेक्शन

फोन करण्याआधी करार काढून पाहा. किमान मुदत उरली असेल तर दंड किती, आणि टीव्ही व इंटरनेट एकाच पॅकमध्ये असेल तर टीव्ही काढल्यावर नुसत्या इंटरनेटचा दर काय, हे लेखी विचारा. पॅक मोडल्यावर इंटरनेट महाग होत असेल तर बचतीचा आकडा बदलतो. तेव्हा दुसऱ्या पुरवठादाराचा दर आधी मिळवा.

बंद करायचा अर्ज लेखी किंवा ॲपमधून द्या आणि त्याचा क्रमांक जपून ठेवा. सेट टॉप बॉक्स, ॲडॅप्टर आणि रिमोट कंपनीचे असतील तर परत करताना बॉक्सचा सीरियल क्रमांक लिहिलेली पावती घ्या, अनामत भरली असेल तर तीही मागा. मग बँकेत जाऊन किंवा बँकेच्या ॲपवरून आपोआप पैसे कापण्याची परवानगी स्वतः रद्द करा, आणि पुढचे दोन महिने खात्यातले व्यवहार पाहून ती रक्कम पुन्हा गेली नाही ना ते तपासा.