दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

हवाई अंतरासाठी नकाशावर पट्टी ठेवू नका. सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे कागदावरची सरळ रेघ ही पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट असेलच असं नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा घट्ट ताणला की तो जिथून जातो, ती जवळची वाट. लंडन–न्यूयॉर्क विमान नकाशावर उत्तरेकडे वळसा घालताना दिसतं ते म्हणूनच.

अक्षांश-रेखांश शहरांचे नकोत, विमानतळांचे घ्या. लंडनचं हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, न्यूयॉर्कचं जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दक्षिण आणि पश्चिम उणे धरायचं. बहुतेक चुका इथेच होतात: ४० अंश ३८ मिनिटं म्हणजे ४०.३८ नव्हे. मिनिटांना ६० ने भागा, ४०.६३ येईल. या एका चुकीने जागा सुमारे २८ किलोमीटर सरकते.

आता कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना, हे बघा. रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.५०९५. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या (७३.३३) कोसाइनने गुणा: ०.१३५६. बेरीज ०.६४५१. तिचा कॉस-इन्व्हर्स (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) ४९.८३ अंश. एक अंश म्हणजे १११.१९ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. कुठे अंतर नॉटिकल मैलांत दिलं असेल तर १.८५२ ने गुणा, १.६०९ हा आकडा जमिनीवरच्या मैलाचा आहे.

अंतर पक्कं निघतं, वेळ मात्र तसा निघत नाही. जेट विमान उंचीवर साधारण ताशी ८३० ते ९०० किलोमीटर वेगाने जातं, पंखेवालं टर्बोप्रॉप ५०० च्या आसपास. ५,५४० भागिले ८५० म्हणजे साडेसहा तास. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण यांचे ३० ते ४० मिनिटं वर धरा. छोट्या प्रवासात हीच मिनिटं भारी पडतात, ती सोडली तर हिशेब पार फसतो. मध्ये थांबा असेल तर प्रत्येक टप्प्याला ती वेगळी मोजा.

मग वारा. मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर न्यूयॉर्कला जाताना ७५० चा वेग उरतो आणि वरची मिनिटं धरून एकूण आठ तास लागतात. परतताना ९५० मिळतो, साडेसहा तासांत काम होतं. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ नेहमी वेगवेगळा काढा.

बंद हवाई हद्द असेल तर हे गणित पुरत नाही. २०२२ मध्ये रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. विमानतळ तेच, सरळ अंतरही तेच.

वेळापत्रकावरून पडताळायचं असेल तर आधी दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, आणा, मगच वजाबाकी करा. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये एरवी पाच तासांचा फरक असतो, पण मार्चमध्ये काही आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर तो चारच तासांचा होतो, कारण दोन्हीकडे घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान गेटवरून निघाल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. रांगेतल्या उशिरासाठी कंपन्या त्यात थोडी सूट ठेवतात, त्यामुळे तो तुमच्या उत्तरापेक्षा थोडा जास्त आला तर तुमचं गणित चुकलं असं समजू नका.