ओपन स्टान्समध्ये फक्त पाय उघडा, सगळं नको: या चुका टाळा

गोल्फमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा पाय लक्ष्यरेषेपासून (बॉलकडून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेपासून) थोडा मागे घेतला की ओपन स्टान्स, म्हणजे उघडा पवित्रा, झाला. दिसायला इतकं सोपं, तरी नवे खेळाडू हमखास विचारतात, "ओपन उभा राहिलो, मग बॉल भलतीकडे का गेला?" कारण पाय, खांदे आणि क्लबफेस (क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, बॉलला लागणारा भाग) यांच्या दिशा तीन वेगळ्या आहेत आणि त्या तिन्ही एकदम फिरवल्या जातात.

सगळ्यात मोठी चूक खांद्यांची. पाय मागे गेला की डावा खांदाही नकळत त्याच्याबरोबर उघडतो. मग क्लब लक्ष्यरेषेच्या बाहेरून आत येतो. फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिला तर स्लाइस (बॉल उजवीकडे खूप वळतो), मार्गाबरोबरच वळला तर बॉल सरळ डावीकडे. म्हणून आधी दोन्ही पाय लक्ष्यरेषेला समांतर ठेवून उभे राहा, खांदे ठरवा आणि मगच डावा पाय दोन-तीन इंच मागे घ्या. क्लब छातीवर आडवा धरून पाहा, त्याचं टोक अजून लक्ष्यरेषेला समांतरच असायला हवं.

हे तपासायला कोकण किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही. ओहोटी लागली की ओली, घट्ट पुळण मोकळी होते. तिच्यावर काठीने लक्ष्यरेषा ओढा, एक छोटा फटका मारा आणि बाजूला होऊन ठसे बघा. पावलं डावीकडे आणि वाळूत क्लबने काढलेली चीर लक्ष्याकडे, तर फक्त पाय उघडले आहेत. चीरसुद्धा पावलांबरोबर डावीकडे गेली असेल तर खांदे उघडलेत. बॉल प्लॅस्टिकचे हलके घ्या, माणसं आणि गुरं नसतील तेव्हाच मारा. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत तर मुळीच नको. साधारण नोव्हेंबर ते मार्च तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

क्रिकेटमध्ये वाढलेल्यांना वेस्ट इंडीजचा फलंदाज चंदरपॉल आठवेल. तो गोलंदाजाकडे छाती करून उभा राहायचा, पण चेंडू खेळताना पुन्हा आडवा व्हायचा. गोल्फचा बॉल जागेवरच असतो, तेव्हा तशी दुरुस्ती करायला कुणी भाग पाडत नाही. सुरुवातीला जशी मांडणी केली, बहुधा तसाच फटका निघतो. अमेरिकन गोल्फपटू ली ट्रेव्हिनोही अंगाने बराच डावीकडे उघडा राहायचा, पण क्लब त्या रेषेने ओढण्याऐवजी लक्ष्याकडे न्यायचा. याच स्विंगवर त्याने 1971 मध्ये काही आठवड्यांत अमेरिकन, कॅनेडियन आणि ब्रिटिश या तिन्ही ओपन स्पर्धा जिंकल्या. नुसती त्याच्या पायांची नक्कल केली तर ट्रेव्हिनोचा फटका येत नाही.

फेडसाठी (बॉल मुद्दाम थोडा उजवीकडे वळवणाऱ्या फटक्यासाठी) ओपन उभे राहणारे आणखी एका जुन्या सल्ल्यात अडकतात: अंग डावीकडे, फेस लक्ष्याकडे. बॉल सुटतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. फेस लक्ष्यावर असेल तर बॉल लक्ष्याकडे सुटून उजवीकडे वळतो आणि लक्ष्य चुकतं. फेस क्लबच्या मार्गाच्या उजवीकडे, पण लक्ष्याच्या डावीकडे ठेवा.

किनाऱ्यावर यात वाऱ्याची भर पडते. आपला समुद्र पश्चिमेला. दुपारी खारे वारे वाहत असताना उत्तरेकडे तोंड करून मारलात तर वारा डावीकडून येतो आणि फेडला उजवीकडे आणखी रेटतो. दक्षिणेकडे मारलात तर तोच वारा फेडला अडवतो, बॉल बराच सरळ राहतो. पहाटे मतलई वारे असतात तेव्हा हिशोब उलटा. दुपारी फेड बिघडली म्हणून लगेच स्टान्स बदलू नका, आधी वारा बघा.

बॉलची जागाही फसवते. बॉल तिथेच ठेवून सगळं अंग डावीकडे वळवलं की तो आपोआप उजव्या पायाकडे सरकतो. फटका खाली बसतो, चिप (जवळून मारायचा छोटा फटका) करताना क्लब जमिनीत रुततो. पाय ठरल्यावर बॉल पुन्हा जुळवून घ्या. चिपसाठी वजन किंचित डाव्या पायावर ठेवा. पाय मागे घेतला म्हणून अंगही मागे रेलू देऊ नका.

ड्रायव्हरला (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबला) नवख्यांनी फार उघडं उभं राहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) कंबर अडते आणि अंतर घटतं. वेजच्या (बॉल उंच उडवणाऱ्या क्लबच्या) आखूड फटक्यात तीच अडचण फायद्याची, कारण तिथे कंबर फार फिरवावी लागतच नाही आणि खाली येताना कंबर वेळेत बाजूला होते.

बंकरमध्ये (मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात) क्रम पाळा. आधी फेस उघडा, मग ग्रिप धरा, मग पाय उघडा. ग्रिप धरून नुसती मनगटं फिरवलीत तर फटक्याच्या क्षणी फेस पुन्हा बंद होतो आणि क्लब वाळूत खोल घुसतो.