ट्रोम्सोला हिवाळ्यात जाताय? मग या चुका टाळा

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोचं तीन रात्रींचं बुकिंग आधी करायचं आणि मग मला फोन करून विचारायचं, "नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे तो अरोरा, नक्की दिसेल ना?" नॉर्वेत राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात हे चालू आहे. विमानाची तिकिटं काढण्याआधी कोणी विचारत नाही. एव्हाना चुकाही मला पाठ झाल्यात, कारण त्या दरवर्षी त्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे केपीचा नाद. केपी हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा आकडा, शून्य ते नऊ. तो तीन-तीन तासांचा आणि सगळ्या पृथ्वीसाठी मिळून एकच असतो. जर्मनीत किंवा स्कॉटलंडमध्ये बसून अरोराची वाट बघणाऱ्याला तो उपयोगी. ट्रोम्सो मात्र जवळजवळ ७० अंश उत्तरेला, ध्रुवाभोवती अरोराचा जो पट्टा असतो त्याच्या थेट खाली आहे. तिथे केपी एक-दोन असतानाही आकाश हिरवंगार होतं. तिथे खरा शत्रू ढग. अरोरा शंभर किलोमीटर किंवा त्याहून वर आणि ढग फार तर दहा किलोमीटरवर. खाली ढगांची गोधडी असेल तर वर केपी आठ असून काय करायचं?

माझा भाचा आणि त्याची बायको पुण्याहून आले होते, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर ट्रोम्सोला होतो. पहिल्या रात्री आभाळ लख्ख. मी म्हटलं, जेवून प्रेस्टव्हानेट तळ्यावर जाऊ, चालत अर्ध्या तासावर आहे. साहेबांनी ॲप दाखवलं. "मामा, केपी फक्त दोन आहे. उद्या पाच आहे. उद्याच जाऊ, आज प्रवासाने दमलोय." मी एकटाच गेलो. साडेदहाच्या सुमारास डोंगरामागून एक फिकट कमान आली, बराच वेळ तशीच राहिली आणि मग एकदम फुटली. हिरवे पडदे, खालच्या कडेला गुलाबी झालर, सगळं मिळून पंधरा मिनिटं. मी फोनवर फोन करत होतो, फोन सायलेंटवर. दुसऱ्या रात्री केपी खरंच पाच आला आणि त्याच्याबरोबर समुद्रावरून ढग आणि बर्फही आला. त्यांनी स्वस्तातली बस घेतली होती, ती शहराच्या आसपासच घुटमळली. लिंगेनचे उंच डोंगर समुद्रावरचे ढग अडवतात, म्हणून त्यांच्या पलीकडे स्किबोत्नच्या खोऱ्यात आणि पुढे फिनलंडच्या हद्दीतल्या किल्पिसयार्वीला बऱ्याचदा आभाळ मोकळं असतं. पण ते दीडएकशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पाच तास. स्वस्त बस तेवढी लांब जात नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं.

तेव्हा केपीचं ॲप पुसून टाका. नॉर्वेच्या हवामान खात्याचा ढगांचा अंदाज बघा, आणि पहिल्या मोकळ्या रात्री, कितीही दमला असाल तरी, बाहेर पडा. साधारण संध्याकाळी सहा ते रात्री दोन या वेळात दर पंधरा मिनिटांनी मान वर करा. टूर घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा: ढग असतील तर गाडी फिनलंडपर्यंत नेणार का? नेणार असतील तर पासपोर्ट खिशात ठेवा. "सूर्याचा शिखरकाळ संपत आला, आत्ताच या" असल्या जाहिरातींना भुलू नका. अरोरा सूर्यावरच्या खळबळीमुळे होतो खरा, पण पट्ट्याखालच्या गावांना सूर्य शांत असतानाही तो दिसतो.

देवमाशांच्या बाबतीतली चूक महिन्याची. लोक फेब्रुवारीचं स्वस्त तिकीट काढतात आणि मग विचारतात, ऑर्का कुठे बघायचे? ऑर्का आणि हंपबॅक येतात ते हेरिंग मासळीमागून. हेरिंगचे थवे हिवाळा काढायला फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांत, शिरतात आणि जानेवारीअखेर अंडी घालायला दक्षिणेकडे निघून जातात. थवे गेले की पाहुणेही गेले. हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. हेरिंगची जागाही बदलत असते. पूर्वी ती ट्रोम्सोजवळच्या काल्डफ्योर्डपर्यंत यायची, गेल्या काही वर्षांत मुक्काम बराच उत्तरेला शेर्वॉय आणि क्वेनांगेनकडे. म्हणून जुने प्रवासलेख वाचून बेत आखू नका.

शेर्वॉय म्हणजे ट्रोम्सोहून मोठ्या बोटीने एकेका बाजूला तीन तासांच्या वर. पूर्ण दिवस जातो आणि वाटेत उघडा समुद्र लागतो. उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी घ्यायची असते, पोटात ढवळायला लागल्यावर नाही, हे मी किती वेळा सांगू? आणि ही सफर शेवटच्या दिवशी ठेवू नका. वारा सुटला की बोट रद्द होते, मग पैसे परत मिळतात पण दिवस मिळत नाही. मी पहिल्याच दिवशी ठेवतो, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते.

बरं, २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी या काळात ट्रोम्सोत सूर्य उगवतच नाही. याचा अर्थ चोवीस तास काळोख नव्हे. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि देवमासे त्यातच बघायचे. अरोरा दिवसभर दिसेल या आशेवर कोणी राहू नये.

कपड्यांचं थोडक्यात. थर्मलच्या आत सुती बनियन घालू नका. आपल्याकडच्या पुरुषांची ही सवय काही सुटत नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तोच घाम नंतर गारठवतो. अंगालगत लोकर हवी. जीन्स घरी ठेवा. बुटात मोज्यांचे दोन-तीन जोड कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एक माप मोठा बूट, एकच लोकरी जोड. ट्रोम्सोत समुद्रामुळे थंडी उणे पाचच्या आसपास असते, पण किल्पिसयार्वीला ती उणे पंचविसावरही जाते.

बुटांखाली लावायचे काटे पहिल्या दिवशीच विकत घ्या. मनगट मोडून घेतलेले लोक मी पाहिलेत.

मुंबई-पुण्यात वीस वर्षं गाडी चालवली म्हणून तिथे भाड्याने घेऊ नका. काळोख, गोठलेला रस्ता आणि त्यात "थांब थांब, फोटो काढू" म्हणत मध्येच ब्रेक मारणारी मंडळी. बस घ्या.

आणि कॅमेरा. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा नेण्यात अर्थ नाही. फोनचा नाइट मोडसुद्धा हातात धरून नीट चालत नाही. फोकस ऑटोवर ठेवू नका, एखाद्या ताऱ्यावर हाताने लावा. आयएसओ सोळाशे, शटर पाच ते आठ सेकंद उघडं, तिथून पुढे कमी-जास्त करा. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. परत आल्यावर कॅमेरा दाराबाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि खोलीत दोन तास उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत वाफ धरते. फोटो बघायची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून पिशवी बांधण्याआधी कार्ड तेवढं काढून घ्या.